जाड ग्रिप लावली की पटिंग सुधारतं?

गोल्फमध्ये चेंडू होलकडे हळूच ढकलायची काठी म्हणजे पटर; त्याला जाडजूड ग्रिप (मूठ) चढवली की मनगटं गप्प बसतात आणि चेंडू सरळ होलमध्ये जातो, असं क्लबात कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगतंच. २०११ मध्ये गोल्फपटू के. जे. चोईने असल्याच ग्रिपने 'प्लेअर्स चॅम्पियनशिप' जिंकली, तेव्हापासून तर ही समजूत फारच पक्की झाली.

यात अर्धं खरं आहे. जाड ग्रिप बोटांऐवजी तळहातात बसते, त्यामुळे मनगटाची चुळबूळ कमी होते. ज्याचा हात ऐन वेळी झटका देतो, त्याला फायदा होऊ शकतो. पण बोटं बाजूला पडली की अंतराचा अंदाजही बोथट होतो. तीन फुटांवर एकदम भारी वाटणारी ग्रिप तीस फुटांवर चेंडू कधी पाच फूट अलीकडे ठेवते, कधी तेवढाच पलीकडे. टायगर वुड्सने बहुतेक मेजर्स (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) पिंग कंपनीच्या साध्या, सडपातळ ग्रिपवर जिंकल्या, हे मात्र कुणी सांगत नाही!

वजनाकडेही कुणाचं लक्ष नसतं. ग्रिपमध्ये साधारण पाच ग्रॅम वाढले की स्विंगवेट (काठी फिरवताना डोक्याकडे जाणवणाऱ्या वजनाचं माप) एका अंकाने उतरतं, म्हणजे पटरचं डोकं हलकं भासतं. जाड पण फोमची हलकी ग्रिप घेतली तर हा घोळ टळतो.

बाकी नियमाने १.७५ इंचांपर्यंत जाडी चालते. विकत घेण्याआधी मित्राचा पटर मागून घ्या आणि लांबूनच दहा-वीस चेंडू मारून बघा. जवळून सगळ्याच ग्रिपा चांगल्या वाटतात.