यांत्रिक जंगलसफाई

यांत्रिक जंगलसफाई : शेती, कुरण, धरण, रस्ता किंवा वस्ती यांसाठी जमिनीवरची झाडे बुलडोझरसारख्या अवजड यंत्रांनी पाडून, मुळे व खुंट उपटून ती जमीन मोकळी करण्याची पद्धत. लाकूडतोडीहून ही वेगळी. लाकूडतोड्याला खोड हवे असते. खुंट जमिनीत राहिला तरी त्याचे काही अडत नाही. इथे खोड बहुतेक वेळा अडगळच ठरते आणि हवी असते ती झाडाखालची जमीन. त्यामुळे झाड आडवे झाले तरी काम अर्धेही झालेले नसते.

यंत्रे येण्यापूर्वी हे काम कुऱ्हाड, आग आणि सबुरी यांच्या जोरावर चाले. मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती सालीचा पट्टा काढून ते उभ्यानेच वाळवायचे, झुडपे जाळायची आणि खुंट कुजेपर्यंत त्यांच्यामधूनच पेरणी करायची. चाकांऐवजी अखंड फिरणाऱ्या पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये कॅलिफोर्नियात चालवून दाखवला. अशा ट्रॅक्टरपुढे माती ढकलणारे पाते बसवण्याची कल्पना १९२३ मध्ये कॅन्ससमधील जेम्स कमिंग्ज व जे. अर्ल मॅक्लाउड यांनी प्रत्यक्षात आणली. १९२५ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. ‘बुलडोझ’ हा शब्द त्याआधीचा. १८७६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या धामधुमीत तो मारझोड करून धाक घालणे या अर्थाने चालत होता. दुसऱ्या महायुद्धात विमानतळ आणि रस्ते बांधताना हे यंत्र सर्वदूर पोचले. युद्ध संपल्यावर जुनी यंत्रे व शिकलेले चालक दोन्ही हाताशी होते, आणि मोठ्या प्रमाणावरील जंगलसफाई खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली.

लहान झाडाला पात्याचा एक धक्का पुरतो. मोठ्या झाडापाशी मात्र नुसत्या ताकदीवर भागत नाही. चालक आधी झाडाचा कल आणि शेंड्यातल्या वाळक्या फांद्या पाहतो, कारण पहिल्या हादऱ्याला त्याच खाली येतात. म्हणून चालकाच्या डोक्यावर पोलादी सांगाडा लागतो. मग पाते खाली घालून झाडाच्या तीन बाजूंची पसरट मुळे तोडतो. चौथ्या बाजूला मातीचा उतार रचून यंत्र त्यावर चढवतो आणि पाते जितके वर टेकवता येईल तितके टेकवून रेटतो. टेकू जितका उंच तितकी तरफ लांब, हे साधे गणित. झाड कलू लागले की लगेच मागे सरावे लागते. मुळांचा मातीसकट उचललेला भलामोठा गड्डा यंत्राला खालून उलथवू शकतो. पडलेल्या झाडाच्या जागी उरलेला खड्डा बुजवणे हे कंटाळवाणे काम, आणि घाईत नेमके तेच राहून जाते.

झाडे मध्यम जाडीची आणि जमीन सपाट असेल तर साखळी वापरतात. दोन ट्रॅक्टर समांतर चालतात आणि त्यांच्यामध्ये जहाजाच्या नांगराची जाड साखळी अर्धवर्तुळात ओढली जाते. वाटेतली झाडे तिच्या ओढीने उन्मळतात. ऑस्ट्रेलियात ही पद्धत रुजवणाऱ्यांत पुढे क्वीन्सलंड राज्याचे सरकारप्रमुख झालेले जो ब्येल्के-पीटरसन यांचे नाव घेतले जाते. साखळी वर उचलून धरण्यासाठी काही ठिकाणी मध्यावर मोठा पोलादी गोळा जोडत, म्हणजे ती झाडाला बुंध्याऐवजी उंचावर पकडते. पश्चिम अमेरिकेत खुरटे पाइन व ज्युनिपर काढून कुरणे करण्यासाठी साखळीच्या कड्यांना रुळांचे आडवे तुकडे जोडत. ब्राझीलमध्ये हिला ‘कोरेंतांव’ म्हणजे मोठी साखळी असेच म्हणतात. साखळी फिरवण्याची वेळ साधावी लागते. जमीन ओलसर असेल तर झाड मुळासकट निघते; कोरडीठणक असेल तर खोड मोडते, मूळ आत राहते आणि त्याला फुटवे येतात.

पात्यांचे प्रकार पुष्कळ आहेत, पण महत्त्वाचा फरक दोहोंतलाच. माती ढकलण्याचे सरळ पाते झाडाबरोबर वरची मातीही खरवडून नेते. जमिनीलगत सरकणारे धारदार, तिरके पाते झाड बुंध्याशी कापते आणि मुळे मातीत ठेवते. त्याच्या कोपऱ्यावरचे भाल्यासारखे टोक आधी खोड चिरते आणि मग पाते ते कापून टाकते. पडलेली झाडे गोळा करायला दातेरी पाते वापरतात. दातांमधून माती गळून जाते आणि लाकूड पुढे सरकते. हल्ली झाड कवेत धरून कापणारी आणि झुडपे जागेवरच भुगा करून पसरणारी यंत्रेही आहेत. त्यांतली दुसरी मातीच्या दृष्टीने पुष्कळ बरी, मात्र जाड खोडांपुढे तिचा वेग पार मंदावतो.

हे सगळे मातीवर येऊन थांबते. उष्ण प्रदेशातील पावसाळी जंगलात पोषणद्रव्यांचा मोठा साठा झाडांत आणि मातीच्या वरच्या पातळ थरात असतो. बुलडोझर नेमका तोच थर झाडांबरोबर ढकलून शेताच्या कडेला रांगेत लावतो. पेरूमधील युरिमाग्वास येथे जाळून साफ केलेली आणि बुलडोझरने साफ केलेली जमीन शेजारी-शेजारी ठेवून पिके घेण्यात आली. हे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. बुलडोझरच्या जमिनीत पीक स्पष्टपणे कमी आले. कारणे तीन : राख मिळाली नाही, वरची माती गेली, आणि यंत्राच्या वजनाने जमीन दबून पाणी मुरेनासे झाले. नायजेरियातील इबादान येथील प्रयोगांत मुळे उपटून काढलेल्या जमिनीची धूप बुंध्याशी कापलेल्या जमिनीपेक्षा कितीतरी जास्त झाली. म्हणून जाणते ठेकेदार लाकडाच्या रांगा उतारावर आडव्या, समपातळीत लावतात आणि माती चिखल असताना यंत्र आत घालत नाहीत. अडचण अशी की मुळे निघायला ओल हवी आणि माती दबू नये म्हणून कोरडेपणा हवा. या दोहोंमधले दिवस थोडेच असतात.

या विषयातले सर्वांत बोलके अपयश टांगानिकातील (आताचे टांझानिया) भुईमूग योजनेचे. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये खाद्यतेलाचा तुटवडा होता, म्हणून ३० लाखांहून अधिक एकर झुडपी जंगल साफ करून भुईमूग लावायचे सरकारने ठरवले. १९४७ मध्ये कोंग्वा येथे काम सुरू झाले. ट्रॅक्टर होते युद्धातून उरलेले, वापरलेले; त्या वर्षीचा उन्हाळा सरेपर्यंत त्यांतले बहुसंख्य बंद पडले. शर्मन रणगाड्यांचे ट्रॅक्टर करून पाहिले, तेही फारसे चालले नाहीत. गोरखचिंचेची प्रचंड खोडे हलेनात, आणि त्यांच्या ढोल्यांतल्या मधमाश्या कामगारांवर तुटून पडत. तरी झाडे एकवेळ पडली. खरा घात जमिनीने केला. पावसाळा संपताच तिथली चिकणमाती विटेसारखी भाजून निघे, आत राहिलेल्या मुळांवर नांगर मोडत, आणि घट्ट झालेल्या जमिनीतून शेंगा उपटून काढणे जमेना. १९५१ मध्ये योजना गुंडाळली तेव्हा सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड बुडाले होते. लागवडीआधी मातीचे आणि पावसाचे नीट मोजमाप झाले असते तर यातले बरेचसे टळले असते.

शेतीशी संबंध नसलेला एक अध्याय व्हिएतनाम युद्धाचा. शत्रूला दडायला जागा राहू नये म्हणून अमेरिकी सैन्याने १९६७ पासून ‘रोम प्लाउ’ नावाचे धारदार, टोकदार पाते बुलडोझरला लावून जंगलाचे विस्तीर्ण पट्टे कापून काढले. नाव जॉर्जिया राज्यातल्या रोम गावावरून आलेले. पात्याला वारंवार धार लावावी लागे. मोकळ्या झालेल्या बऱ्याच जागेवर पुढे चिवट गवत माजले आणि झाडांना परत येणे अवघड झाले.

झाडांचा प्रतिकार ऑस्ट्रेलियातील ब्रिगॅलो या बाभूळवर्गीय झाडात चांगला दिसतो. क्वीन्सलंडमध्ये १९६२ पासून सरकारी योजनेखाली या रानांची मोठ्या प्रमाणावर सफाई झाली. पण साखळीने पाडलेल्या ब्रिगॅलोची दुखावलेली मुळे जागोजागी फुटवे काढत आणि एका झाडाच्या जागी दाट झुडूपच उभे राही. मग पडलेले रान वाळवून जाळायचे, गवत पेरायचे आणि तरी फुटवे आलेच तर जमिनीखालून मुळे कापणारा नांगर फिरवायचा. ते रान आज मूळच्या एक-दशांशाहूनही कमी उरले आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात त्रास वेगळा झाला : खोल मुळांची झाडे गेल्यावर पावसाचे पाणी कुणी उचलेना, भूजल वर चढले आणि त्याबरोबर खोलवरचे मीठ शेतात आले. अनेक ठिकाणी हे सफाईनंतर काही दशकांनी दिसू लागले.

क्वीन्सलंडने १९९९ मध्ये वनस्पती-व्यवस्थापन कायदा केला आणि शेतीसाठी मूळ रानाची सरसकट सफाई २००६ अखेर थांबवली. त्यानंतरच्या सरकारांनी नियम कधी सैल, कधी कडक केले. ब्राझीलची अंतराळ संस्था १९८८ पासून ॲमेझॉनमधील सफाई उपग्रहचित्रांवरून दरवर्षी मोजते. साखळीने पाडलेल्या आणि रांगेत लोटलेल्या झाडांच्या समांतर रेघा स्पष्ट चित्रांत सहज ओळखू येतात. त्यामुळे परवानगी किती क्षेत्राची होती आणि पाते किती फिरले, हे आता जागेवर न जाताही ताडून पाहता येते.