मेलेल्या हृदयपेशींच्या जागी नव्या पेशी

हृदयविकाराचा मोठा झटका येतो, तेव्हा काही तासांत हृदयाच्या अब्जभर स्नायूपेशी मरू शकतात. त्वचा किंवा यकृत अशी हानी भरून काढतं. प्रौढ माणसाच्या हृदयाला ते जवळजवळ जमत नाही. मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार होतो. त्यामुळे हृदयाची भिंत टिकते, पण तेवढा भाग आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर भार वाढतो आणि अनेक रुग्णांचं हृदय पुढच्या काही वर्षांत थकत जातं.

चार्ल्स मरी या अमेरिकी संशोधकाचं बहुतेक काम या हानीभोवतीच आहे. त्यांचा पहिला गाजलेला शोधनिबंध १९८६ सालचा. तेव्हा ते ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांच्याकडे शिकत होते. या तिघांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी ४० मिनिटं बंद ठेवली आणि किती स्नायू मरतो ते मोजलं. काही कुत्र्यांमध्ये त्याआधी तीच धमनी पाच-पाच मिनिटांसाठी चार वेळा बंद केली, दर वेळी मध्ये पाच मिनिटं रक्त वाहू दिलं. चार वेळा उपाशी राहिलेलं हृदय आणखी खचेल, असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात या कुत्र्यांमधली हानी इतरांच्या केवळ एक चतुर्थांश होती! रक्तपुरवठ्यात पडलेल्या त्या छोट्या खंडांमुळे पेशी आपली ऊर्जा सावकाश खर्च करू लागल्या होत्या.

मला या निबंधातला पुढचा भाग तितकाच मोलाचा वाटतो. धमनी तीन तास बंद ठेवली, तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणजे पेशींचं मरण टळत नव्हतं, फक्त लांबत होतं, आणि तेवढ्या वेळात रक्तपुरवठा पुन्हा सुरू झाला तरच त्याचा उपयोग होता. छातीत दुखायला लागल्यावर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणणं किती महागात पडतं, हे यातून स्पष्ट दिसतं.

पण मेलेल्या पेशींचं काय? २००१ मध्ये दुसऱ्या एका गटाने दावा केला, की अस्थिमज्जेतल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी, उंदराच्या जखमी हृदयात सोडल्या तर त्यांच्यापासून नवा हृदयस्नायू बनतो. ही बातमी फार आशा जागवणारी होती आणि लवकरच रुग्णांवरही चाचण्या सुरू झाल्या. मरी तोवर सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते. त्यांच्या गटाने मूळपेशींना अशी जनुकीय खूण केली, की पेशी खरोखर हृदयस्नायूची झाली तरच ती खूण उमटावी. उंदरांमध्ये १४५ प्रत्यारोपणं करूनही अशी एकही पेशी सापडली नाही. हे २००४ मध्ये छापून आलं. ‘होत नाही’ हे सिद्ध करणाऱ्या कामाला सहसा टाळ्या मिळत नाहीत, पण ज्यांच्या हृदयावर चाचण्या चालल्या होत्या, त्यांच्या दृष्टीने हे काम फार गरजेचं होतं.

मग त्यांनी वेगळी वाट धरली. मानवी भ्रूणातून मिळवलेल्या मूळपेशींपासून प्रयोगशाळेत हृदयस्नायूच्या पेशी वाढवायच्या आणि त्या थेट व्रणात सोडायच्या. २०१४ मध्ये माकडांच्या हृदयात अशा एक अब्ज पेशी सोडल्या गेल्या. त्या तगल्या, माकडाच्या स्नायूशी जोडल्या गेल्या आणि त्याच्याच ठोक्याबरोबर आकुंचन पावू लागल्या. २०१८ च्या प्रयोगात तर माकडांच्या हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमताही लक्षणीय सुधारली.

एक अडचण मात्र गंभीर होती. पेशी सोडल्यानंतरच्या काही आठवड्यांत हृदयाची लय बिघडत होती. या कोवळ्या पेशी आपल्याच तालाने ठोके देतात. पूर्ण वाढलेली स्नायूपेशी तसं करत नाही, ती इशाऱ्याची वाट पाहते. मरी आणि सहकाऱ्यांनी पेशीत विद्युतभारित कणांची ये-जा सांभाळणारी जनुकं एकेक करून तपासली. शेवटी तीन जनुकं बंद केली आणि एकाचं काम वाढवलं. अशा पेशी आपणहून ठोके देत नव्हत्या, इशारा मिळाल्यावर मात्र आकुंचन पावत होत्या. डुकरांच्या हृदयात त्या सोडल्यावर लय बिघडण्याचा तो धोका दिसला नाही. हा निबंध २०२३ चा.

या पेशी परक्या असल्याने शरीर त्यांच्यावर हल्ला करतं, म्हणून या प्राण्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागली. आधीच थकलेल्या हृदयाच्या रुग्णाला अशी औषधं देणं म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका वाढवणं. त्यामुळे प्रतिकारशक्तीला ओळखू येणार नाहीत अशा पेशी घडवण्याचे प्रयत्नही आता अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत.