हेवेलिउशच्या नावाची नौका

२१ मे २०२५ रोजी पोलंडचे पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी एक घोषणा केली. रशियाच्या ‘छुप्या ताफ्या’तलं, म्हणजे निर्बंध चुकवून तेल वाहणाऱ्या जहाजांपैकी, एक जहाज पोलंड आणि स्वीडनला जोडणाऱ्या समुद्राखालच्या वीजवाहिनीजवळ संशयास्पद घिरट्या घालत होतं. लष्कराने हटकल्यावर ते रशियन बंदराकडे निघून गेलं. सोबतच त्यांनी सांगितलं, की ‘ओआरपी हेवेलिउश’ त्या जागेकडे निघाली आहे (‘ओआरपी’ म्हणजे पोलंडच्या नौदलाची नौका).

नाव वाचून कुणाला ही लढाऊ नौका वाटेल, पण ती तशी नाही. गेली चार दशकं समुद्राचा तळ मोजत फिरणारी ही नौदलाची सर्वेक्षण नौका आहे. जहाज हाकलून झालं होतं. आता खाली काही विपरीत झालं आहे का, हे बघायचं होतं. त्यासाठी तोफेपेक्षा सोनार, म्हणजे ध्वनीने तळ टिपणारं यंत्र, कामाचं.

हेवेलिउश १९८२ साली नौदलात दाखल झाली. ग्दान्स्कच्या ‘उत्तर गोदी’त ती बांधली गेली. तेव्हा पोलंडमध्ये मार्शल लॉ होता आणि ज्या ग्दान्स्कमध्ये ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना जन्मली, तिथेच तिच्यावर बंदी आली होती. गोदीचं काम मात्र चालू होतं. याच गोदीने ‘फिनिक’ वर्गाच्या सर्वेक्षण नौका सोव्हिएत नौदलाला पुरवल्या. हेवेलिउश आणि तिची जुळी बहीण ‘आर्क्तोव्स्की’ हे त्याच वर्गाचं सुधारलेलं रूप. लांबी साठ मीटरच्या आसपास, नाविक तळ ग्दिनिया बंदरात. तिच्याआधी, १९७१ मध्ये, पोलिश नौदलाने आपल्या एका सर्वेक्षण नौकेला ‘कोपर्निक’ असं नाव दिलं होतं, म्हणजे आपण ज्याला कोपर्निकस म्हणतो तो. आपल्या नौदलात अशा नौकांना बहुधा कामावरून नावं पडतात: संधायक, निर्देशक. पोलंडने ही दोन आकाश मोजणाऱ्यांवरून ठेवली.

यान हेवेलिउश (१६११–१६८७) हा ग्दान्स्कचाच. घरचा धंदा बिअर गाळण्याचा, शहराच्या कारभारात मान, आणि घरांच्या छपरांवर उभारलेली वेधशाळा. १६४७ मध्ये त्याने चंद्राचे तपशीलवार नकाशे छापले. त्याने आखलेल्या तारकासमूहांपैकी सात आजही मान्य आहेत, आणि मराठी आकाशनकाशात ते रोज आपल्या नजरेखालून जातात: श्यामशबल, सरठ, लघुसिंह, गवय, ढाल, षडंश आणि जंबुक. ढाल ही मुळात पोलंडचा राजा सोबिएस्की याची. षडंश हे हेवेलिउशचं कोन मोजण्याचं लाडकं उपकरण. ते आगीत गेलं म्हणून त्याने आकाशात ठेवलं. ही आग २६ सप्टेंबर १६७९ ची. (बाल्टिक समुद्रातली नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिनी फुटली तीही २६ सप्टेंबरलाच, २०२२ मध्ये. निव्वळ योगायोग, पण नोंदवल्याशिवाय राहवत नाही.)

या माणसाचा एक हट्ट प्रसिद्ध आहे. चंद्र बघायला त्याने सुमारे ४५ मीटर लांबीची दुर्बीण उभारली, पण ताऱ्यांची स्थाने मोजताना तो दुर्बिणीवर विसंबायला तयार नव्हता; नुसत्या डोळ्यांनीच नेम धरायचा. लंडनमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने यावर टीकेची झोड उठवली. शेवटी १६७९ मध्ये तरुण खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली दुर्बीण लावलेलं उपकरण घेऊन ग्दान्स्कला आला. दोघांनी शेजारी शेजारी वेध घेतले आणि म्हाताऱ्याची मोजमापं चोख निघाली. आग त्यानंतर दोनेक महिन्यांनी लागली. तो गेल्यावर त्याची तारकासूची पत्नी एलिझाबेथने १६९० मध्ये छापून पूर्ण केली. खगोलशास्त्राच्या इतिहासात तिला अजूनही पुरेशी जागा मिळालेली नाही, असं मला वाटतं.

आकडा खरा कशावरून, हाच प्रश्न सर्वेक्षण नौकेवरही रोज असतो. पूर्वी दोरीला शिशाचं वजन बांधून खोली घेत. आता बहुकिरण सोनार एकाच वेळी तळाचा रुंद पट्टा टिपतं. ध्वनी खाली जाऊन परत यायला किती वेळ लागला, यावरून खोली निघते. मेख अशी, की पाण्यातला ध्वनीचा वेग तापमान आणि क्षारतेनुसार बदलतो. बाल्टिकचं पाणी महासागराच्या मानाने जेमतेम खारट, आणि खोलीप्रमाणे त्याचे थर वेगळे. म्हणून आधी पाण्यात यंत्र सोडून थरांचा वेग मोजायचा आणि मगच तळाचा हिशोब लावायचा. ही पायरी चुकली, तर तळाशी नसलेला उंचवटा नकाशावर उगवतो.

असे नकाशे या समुद्राला लागतातच. तो उथळ आहे, आणि दोन महायुद्धांतल्या सुरुंगांनी, बुडालेल्या जहाजांनी व नंतर टाकलेल्या रासायनिक अस्त्रांनी भरलेला आहे. १९४५ मध्ये निर्वासित आणि जखमींसह बुडालेल्या ‘श्टॉयबेन’ या जर्मन जहाजाचे अवशेष २००४ मध्ये आर्क्तोव्स्कीने शोधले. २००६ मध्ये एका तेल कंपनीच्या जहाजाला मोठं काहीतरी सापडलं, तेव्हा ते जर्मन विमानवाहू नौका ‘ग्राफ झेपेलिन’च आहे, याची खात्री करायला पुन्हा तीच गेली. प्रसिद्धीच्या बाबतीत हेवेलिउश मागेच राहिली.

उलट तिच्या नावाने दुसऱ्याच जहाजाची आठवण निघते. ‘यान हेवेलिउश’ ही नागरी फेरी १४ जानेवारी १९९३ रोजी वादळात जर्मनीच्या र्‍यूगन बेटाजवळ उलटली, पन्नासहून अधिक माणसं गेली. नौदलाच्या नौकेशी तिचा संबंध एवढाच, की खगोलशास्त्रज्ञ एक.

२०२२ नंतर बाल्टिकच्या तळाशी असलेल्या वाहिन्या आणि तारा हा सुरक्षेचा विषय झाला. जानेवारी २०२५ मध्ये नाटोने त्यांच्यासाठी खास गस्त सुरू केली. तार तुटल्यावर, नांगर घसरला की मुद्दाम ओढला, हा वाद पुढचा; आधी तळावरचा ओरखडा कालचा की दहा वर्षांपूर्वीचा, हे सांगता यायला हवं. ते सांगू शकतो तो, ज्याच्याकडे जुनी मोजणी आहे.