मेंबरशिप नाही म्हणजे कन्सोलवर ऑनलाइन काहीच चालत नाही? खुलासा

एक मेसेज फिरत असतो की कन्सोल (म्हणजे गेम खेळायचं मशीन) घेतला की दर महिन्याला पैसे भरावेच लागतात, नाहीतर ऑनलाइन सगळं बंद. हा गैरसमज होणं अगदी साहजिक आहे, कारण त्यात थोडं खरं आहेच.

प्लेस्टेशन ३ वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं, २०१३ ला प्लेस्टेशन ४ आला आणि विकत घेतलेल्या बहुतेक गेम्सच्या मल्टिप्लेअरला पीएस प्लस, म्हणजे प्लेस्टेशनची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप, लागायला लागली. निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर ऑनलाइन खेळण्याचे पैसे घेणं २०१८ च्या सप्टेंबरपासून सुरू झालं. पण फोर्टनाइट, रॉकेट लीगसारखे फुकट गेम प्लेस्टेशन, स्विच आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, तिन्हीकडे मेंबरशिपशिवाय चालतात. एक्सबॉक्सवर मात्र २०२१ पर्यंत यांनाही गोल्ड, म्हणजे तिथली मेंबरशिप, लागायची, आणि मला वाटतं जुन्या लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. स्टोअर, अपडेट, एकट्याने खेळायचे गेम यांना तर कुठेच मेंबरशिप लागत नाही.

खरा फरक क्लाउड सेव्हचा (गेममधली प्रगती इंटरनेटवर साठवून ठेवण्याचा) आहे आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही! एक्सबॉक्सवर ते फुकट, प्लेस्टेशन आणि स्विचवर मेंबरशिप लागते, म्हणजे मशीन बिघडलं तर शंभर तासांची मेहनत जाऊ शकते, आधी याचा विचार करा.

तपासायचं असेल तर स्टोअरमध्ये गेमचं पान उघडा, ऑनलाइनसाठी मेंबरशिप लागते का ते तिथे लिहिलेलं असतं, किंवा सरळ नवीन अकाउंट काढून फोर्टनाइट डाउनलोड करा आणि एक मॅच खेळून बघा.