नाकातून आत शिरायची गाडी

नोव्हेंबर १९५३ मध्ये इटलीतल्या तुरीनला इसो कंपनीने इसेटा ही छोटी गाडी मांडली. तिला बाजूला दारच नव्हतं. अख्खं नाकच बिजागरीवर उघडायचं. मिलानजवळची ही कंपनी तोवर फ्रिज आणि स्कूटर बनवत होती. मालक रेंझो रिव्होल्टा यांनी छोट्या गाडीचं काम एर्मेनेजिल्दो प्रेती आणि पिएर्लुइजी राजी या अभियंत्यांवर सोपवलं. प्रेती मूळचे विमानवाले. युद्धकाळात त्यांनी आखलेल्या मालवाहू ग्लायडरचं नाकही सामान चढवायला असंच उघडायचं.

गाडीची लांबी जेमतेम २.२९ मीटर. एवढ्यात दोन माणसं शेजारी बसवायची, तर सीट पुढच्या चाकांना खेटूनच येते आणि बाजूचं दार चाकाच्या कमानीत अडकतं. इंजिन मागे गेल्यामुळे नाक मात्र मोकळं होतं. अडचण उरली स्टिअरिंगची. त्याच्या दांड्यात सांधा दिला आणि दार उघडताच स्टिअरिंगही दारासोबत बाहेर झुलू लागलं. उतरताना गुडघे अडत नाहीत. जुनी इसेटा तपासताना हात आधी इथेच जायला हवा: सांधा झिजला की स्टिअरिंगला ढिलाई येते, ते थोडं फिरवलं तरी गाडी वळत नाही. आणि नाक भिंतीला टेकवून गाडी लावली की दार उघडतच नाही. अशा वेळी बाहेर पडायची वाट म्हणजे वरचं कापडी छप्पर.

मला सर्वांत देखणी वाटते ती मागच्या चाकांची युक्ती. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. काटकोनात वळताना हा फरक दोन चाकांमधल्या अंतराच्या सुमारे १.५७ पट असतो. चाकं एकमेकांपासून १.२ मीटरवर असती तर तो जवळपास १.९ मीटर भरला असता आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, लागलंच असतं. इसेटात मागची चाकं फक्त ४८ सेंटिमीटरवर. फरक उरतो ७५ सेंटिमीटर, आणि तेवढा टायर घसरून निभावून नेतात. म्हणून एकच सलग आस आणि तिला चेन, बस्स. याची किंमत टायरच्या झिजेत मोजावी लागते. मागचा भाग इतका अरुंद असूनही गाडी सहज कलंडत नाही, कारण माणसांचं वजन पुढच्या रुंद चाकांकडे पडतं.

इंजिन २३६ सीसीचं, टू-स्ट्रोक, ९.५ अश्वशक्तीचं. दोन पिस्टन, पण ज्वलनाची जागा एकच. एका पिस्टनकडून ताजं मिश्रण येतं, दुसऱ्याकडून धूर जातो, त्यामुळे न जळलेलं इंधन वाया जाण्याचं प्रमाण घटतं. वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास.

इटलीत ती फारशी खपली नाही. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने परवाना घेतला, बॉडीचे साचेही घेतले, आणि १९५५ पासून आपल्या मोटारसायकलचं २४७ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन बसवून ती विकली. १९६२ पर्यंत तिथे १ लाख ६० हजारांहून जास्त गाड्या बनल्या. जर्मन गाडीत चालक डावीकडे आणि इंजिन उजवीकडे, म्हणून तोल आपसूक साधायचा. ब्रिटनमध्ये उजवीकडे स्टिअरिंग असलेली गाडी बनवली, तेव्हा चालक आणि इंजिन दोन्ही एकाच बाजूला आले. मग डावीकडे मुद्दाम वजन बसवावं लागलं.