गुराब

दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, रुंद बांध्याची, तोफा वाहणारी लढाऊ नौका. मराठीत शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचन ‘गुराबा’. मराठी आरमाराविषयीच्या लेखनात ती गलबताच्या जोडीने सतत भेटते. नाव मात्र पक्ष्याचे आहे : अरबीत ‘घुराब’ म्हणजे कावळा, डोमकावळा.

जहाजाला पक्ष्याचे नाव देण्याची हौस दर्यावर्दींना अनेक देशांत होती. फ्रान्सिस ड्रेक १५७७ साली निघाला तो ‘पेलिकन’वरून, वाटेत, १५७८ मध्ये, त्याने तिचे ‘गोल्डन हाइंड’ केले. १६०६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलेली डच नौका ‘डॉयफकेन’ म्हणजे छोटे कबुतर. ही एकेका जहाजाची नावे. घुराब मात्र नौकेच्या अख्ख्या जातीचे नाव झाले. डांबर चोपडलेले काळे अंग आणि चोचीसारखी पुढे आलेली नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, यांवरून ते पडले, असे सांगतात. (कावळ्याचा आणि समुद्राचा संबंध तसा जुनाच. बावेरू जातक या बौद्ध कथेतले व्यापारी जहाजावर ‘दिशाकाक’, म्हणजे दिशा दाखवणारा कावळा, बाळगत. त्याचा या नावाशी धागा जुळत नाही, पण आठवण होतेच.)

अरबी लेखनात घुराब ही मुळात वल्ह्यांची नौका. चौदाव्या शतकात गुजरातच्या किनाऱ्यावरून निघालेला इब्न बतूता आपल्या ताफ्यातल्या एका नौकेविषयी लिहितो, की ती घुराबासारखीच, पण जास्त रुंद होती. तिला साठ वल्ही होती आणि लढाईच्या वेळी वल्हेकऱ्यांवर छप्पर घालत. दुसरी नौका समजावण्यासाठी तो घुराबाचे माप वापरतो, म्हणजे त्याच्या वाचकांना ती चांगलीच ओळखीची असणार.

कोकण किनाऱ्यावर आल्यावर तिचे रूप बदलले, भर शिडांवर गेला. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राज्यनीतीच्या ग्रंथात आरमाराच्या एका सुभ्याला, म्हणजे तुकडीला, पाच गुराबा आणि पंधरा गलबते, अशी बांधणी सांगितली आहे. गुराबा मध्यम आकाराच्या असाव्यात, वाऱ्यावाचून हलणार नाही अशी थोर नौका बांधू नये, असाही त्यात इशारा आहे. पुढच्या डावपेचांकडे पाहिले तर तो किती नेमका होता ते कळते.

मराठी आरमाराचे सरदार आंग्रे यांच्या गुराबांचे सर्वांत तपशीलवार वर्णन शत्रुपक्षाकडून आले आहे. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो, की तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची असे, दोन डोलकाठ्यांची १५० टनांच्या आत. तळ उथळ, त्यामुळे खाडीत शिरायला सोपी. पुढे निमुळत्या होत गेलेल्या नाळेला कठडे नसत. समोरून लाट आली की नौका जोरात डुचमळे आणि पाणी नाळेवर चढून बाजूंनी निघून जाई. नाळेच्या मागे ९ किंवा १२ पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट समोर रोखलेल्या असत. मोठ्या व्यापारी जहाजाच्या कुशीत जाऊन त्याच्या तोफांच्या रांगेला अंग देण्यापेक्षा गुराबा पिछाडीवर येत आणि डोलकाठ्यांवर मारा करीत. वारा पडला तर वल्ह्यांची गलबते त्यांना ओढून नेत. जहाज पांगळे झाले की चहूबाजूंनी गलबतांतली माणसे त्यावर चढत. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते, हा आंग्र्यांचा नेहमीचा मोठा ताफा.

इंग्रजांनी शब्दाचे ‘ग्रॅब’ केले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ हिसकावणे, आणि आंग्र्यांना चाचे म्हणणाऱ्यांना तो सोयीचाच वाटला असेल. पण व्युत्पत्ती म्हणून तो निव्वळ योगायोग. मुंबईच्या ईस्ट इंडिया कंपनीनेही स्वतःच्या आरमारात गुराबा ठेवल्याच.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून आले. इंग्रजांकडून पूर्वी धरलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजाने आधी पेट घेतला. तिथून आग पसरत गेली आणि तुळाजी आंग्र्यांच्या गुराबा बंदरातच जळाल्या.