गोधडीवरचं झाड कुठल्या मातीतलं?

आपल्या परिसरातली झाडं आणि ऋतू गोधडीवर उतरवायचे, हे आज इतकं सहज वाटतं की ते पहिल्यापासूनच चालत आलं असेल असं कुणीही धरून चालेल. पण युरोप-अमेरिकेतल्या गोधड्यांवर बराच काळ जे झाड मिरवत होतं, ते कुठल्याच मातीत उगवणारं नव्हतं.

ते आलं भारताच्या पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून. १७व्या आणि १८व्या शतकांत तिथले कारागीर हाताने रंगवलेले सुती पलंगपोस युरोपला पाठवत. त्यावर खडकाळ टेकाड, टेकाडावर नागमोडी खोड आणि एकाच झाडाला नाना जातींची फुलं. गिऱ्हाइकांच्या आवडीनुसार त्यात चिनी आणि युरोपीय नक्षीही मिसळली. या चिटाच्या कापडाने तिकडच्या विणकरांचा धंदा बसू लागला, तेव्हा फ्रान्सने १६८६मध्ये त्यावर बंदी घातली, पाठोपाठ इंग्लंडनेही निर्बंध आणले. अशा महागड्या कापडाचा तुकडाही वाया जाऊ नये म्हणून त्यातली फुलं-फांद्या कातरून साध्या कापडावर शिवायची रीत रुळली. १८४१मध्ये ‘राजा’ जहाजातून ऑस्ट्रेलियाला धाडलेल्या कैदी स्त्रियांनी प्रवासात शिवलेल्या गोधडीच्या मधोमध अशीच कातरलेली फुलं आणि पक्षी आहेत. ज्या भूमीकडे त्या निघाल्या होत्या, तिथली झाडं त्यांनी अजून पाहिलीही नव्हती.

न्यू इंग्लंडमधला पाइन मात्र तिथलाच होता. तिथल्या व्हाइट पाइनची सरळसोट खोडं ब्रिटिश आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखून ठेवली जात, त्यावरून वसाहतवाले चिडून होते. मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या शिलिंगवर पाइन होता, १७७५च्या सुमारास बंडाच्या झेंड्यावरही तो आला. १९व्या शतकातल्या गोधड्यांमध्ये त्याचा चौकोनी नमुना दिसतो: कोपऱ्याकडून तिरपं जाणारं खोड आणि त्याच्या दोन्ही अंगांना छोट्या त्रिकोणांच्या ओळी. एकही गोलाई न शिवता सुयांसारख्या पानांचं झाड उभं करणारी ही मांडणी मला आजही कमालीची वाटते.

हवाईची गोष्ट याहून खोल आहे. तिथे झाडाच्या सालीपासून कुटून केलेल्या कापडाचे थर शिवून पांघरुणं आधीपासूनच बनत होती. १८२०मध्ये मिशनरी बायकांनी राजघराण्यातल्या स्त्रियांना तुकडे जोडायला शिकवलं. पण हवाईयन स्त्रियांनी अखंड कापड आठपदरी दुमडून एकाच कापात नीरफणसाची पानं-फळं उलगडायला सुरुवात केली. त्याच्या कडेकडेने टाके लाटांसारखे बाहेर पसरत जातात. (काटेकोर बोलायचं तर नीरफणसही मूळचा तिथला नाही, पॉलिनेशियन दर्यावर्दींनी तो होड्यांतून आणला. पण शतकानुशतकं ज्याच्यावर माणसं जगली, त्याला परका कसं म्हणायचं?)

१९७१मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. १९७९मध्ये ओहायोत ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू झालं. गोधडी अंथरुणावरून भिंतीवर आल्यावर ठरलेल्या चौकोनांची सक्ती सुटली, आणि विशिष्ट झाडाची साल, फांद्यांचा वळसा, संध्याकाळचा उजेड असं निरखून शिवणं वाढलं.

ऋतूंच्या बाबतीत मात्र ही सुटका अजून अर्धीच झाली आहे. तयार नमुन्यांत वसंतातला बहर, हिरवा उन्हाळा, लाल पानगळ आणि बर्फ हे चारच ऋतू पुन्हा पुन्हा येतात, जणू सगळं जग समशीतोष्ण पट्ट्यातच आहे. गुळगुळीत खोडाचे अनेक निलगिरी वर्षभर हिरवे राहतात आणि साल सोडतात. पळस पानं गाळून उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतो. त्यांचा ऋतू दाखवायचा तर रंगांचा क्रमच नव्याने बांधावा लागतो. अलीकडे रुळलेली तापमान-गोधडी इथे फार उपयोगी पडते: रोजच्या तापमानाची एक पट्टी, प्रत्येक टप्प्याला एक रंग. जिथे वर्षभर पारा फारसा हलत नाही, तिथे टप्पे दोन-दोन अंशांचे धरावेत, आणि पावसाचे दिवस दाट टाक्यांनी दाखवावेत.